ती हसली नाही

पुणे,
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय मन्या,

आधी रागावून घे. एप्रिलपासून तुला धड एक फोन नाही. तुझ्या आईचं ऑपरेशन झालं ते मला दाद्याकडून कळलं, आणि ऑफिसच्या पूजेला येतो येतो म्हणून मी आलो नाही. तुझे तीन मेसेज वाचले आणि निवांत बोलू म्हणून ठेवून दिले. चूक माझी आहे. काकूंना सांग, भेटायला येईन तेव्हा मला चांगलं झापा.

आमच्याकडे सगळं ठीक. आईचे गुडघे तसेच, बाबांची साखर गोळ्यांवर. आजीला आता ऐकू येत नाही, पण कुणी तिच्याबद्दल कुजबुजलं की बरोब्बर ऐकू येतं. झालं.

आता ऐक. फोनवर हे सांगता येणार नाही, कारण तू वकिलासारखा मध्येच प्रश्न विचारतोस आणि आपण भलतीकडे जातो. आज संध्याकाळी आईचा फोन आला होता. इकडचं तिकडचं झालं आणि मग आवाज बारीक करून म्हणाली, "दुपारी टीव्हीवर बनवाबनवी लागला होता. ह्यांनी चॅनल बदललं."

मन्या, बाबांनी चॅनल बदललं. 'अशी ही बनवाबनवी' लागला ती 23 सप्टेंबर 1988 ही तारीख ज्या माणसाला स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्की पाठ आहे, त्यांनी. आई म्हणाली, बातम्या लावून बसले होते, पण लक्ष बातम्यांतही नव्हतं. तिने विचारलं तर म्हणाले, "बघून बघून कंटाळा आला."

हे माझ्यामुळे झालं. म्हणजे मी शर्वरीला कराडला घरी नेलं म्हणून झालं.

गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी नेलं होतं. आईने दोन दिवस आधीपासून तयारी केलेली. भरली वांगी, सांज्याच्या पोळ्या, मिरचीचा खर्डा, दही. आत्या मुद्दाम साताऱ्याहून आलेली. शर्वरी सोलापूरची, जेवताना रंगात आली आणि बाबांनाच "काय बे, किती कमी जेवता" म्हणून गेली. आत्याचा घास हातातच राहिला. बाबा मात्र असे हसले की त्यांना ठसका लागला. मला वाटलं, जिंकलं. ताटं उचलली, सुपारी फिरली, आणि बाबांनी पेन ड्राइव्ह काढला.

तुला सांगायला नको. आमच्या घरी नवीन माणूस आलं की त्याला तो सिनेमा दाखवतात. ओळख करून द्यायची बाबांची ती रीत आहे. काकीला लग्नानंतर तिसऱ्या दिवशी दाखवला, दाद्याच्या बायकोला साखरपुड्याच्याच दिवशी. तुला तर आठवीत असताना गणिताचा पेपर दुसऱ्या दिवशी असताना बसवलं होतं. आमच्याकडे दार वाजलं की आतून पहिला प्रश्न येतो तो धनंजय मान्यांचाच. उसने पैसे परत आले नाहीत की ते 'वारले'. आजोबांचं तेरावं झालं त्या रात्रीचं तू विसरला नसशील, तू मांडवाच्या खुर्च्या मोजत ओट्यावर बसला होतास. घर नुसतं गप्प. बाबांनी उठून टीव्ही लावला, आणि आत्या म्हणाली, "अरे, शोभतं का?" आणि मग ते दृश्य आलं. सरपोतदार औषधासाठी दिलेल्या सत्तर रुपयांची चौकशी करतात ते. सगळे जिवावर आल्यासारखे खाली बघत होते, कारण त्या दृश्यात 'वारले' हा शब्द येणार हे लहान पोरालाही माहीत. आणि पहिली हसली कोण? आजी. कपाळ मोकळं होऊन तेरा दिवस झालेली आजी पदर तोंडाला लावून हसली, आणि मग घर फुटलं. हसता हसता बाबा रडायला लागले. तेरा दिवसांत पहिल्यांदा रडले ते.

म्हणून म्हणतो, हे फोनवर कुणाला सांगू? दुसऱ्या कुणाला सांगितलं तर तो म्हणेल, पोरगी सिनेमाला हसली नाही, यात काय एवढं?

तर, ती हसली नाही.

सुरुवातीला वाटलं, लाजते आहे. सुधीर जोशी पडद्यावर आले, दादाची पोरं आधीच वाक्यं म्हणायला लागली. ती नम्रपणे बघत होती, ओठांवर जरासं हसू, लग्नात फोटोला असतं तसं. सत्तर रुपये झाले. नाही. मग जागा सोडावी लागते, नवीन जागेची मालकीण जोडप्यांनाच खोली देणार असते, आणि सचिन आणि लक्ष्या साड्या नेसून येतात. तिथे आमच्या घरात छप्पर उडतं. मी बाबांकडे बघितलं. बाबा टीव्हीकडे बघतच नव्हते. ते तिच्याकडे बघत होते, फासे टाकल्यावर दान किती पडतंय हे बघावं तसे. पार्वतीबाईंच्या पहिल्या वाक्याला ती उठली आणि म्हणाली, "काकू, भांडी घासून टाकते." आई नको नको म्हणाली. ती गेली. आतून अर्धा तास नळाचा आवाज येत होता.

सिनेमा पुरा झाला, पण कुणी शेवटपर्यंत हसलं नाही. निघताना बाबांनी तिच्या हातात नारळ आणि पाकीट दिलं, नीट बोलले. पण रात्री आत्याने आईला ऐकवलंच: "जी पोरगी ह्याला हसत नाही ती ह्या घरात कशी नांदायची?" बाबा तिथेच होते. काही बोलले नाहीत. आत्याचं मी मनावर घेत नाही, पण बाबांचं गप्प राहणं मला अजून टोचतंय.

आणि मीही रागावलो होतो, मन्या. खोटं कशाला बोलू. गाडीत उंब्रजपासून साताऱ्यापर्यंत मी तोंड उघडलं नाही. माझ्या मनात काय चाललं होतं तुला माहीत आहे, कारण आपण दोघं कॉलेजात हेच बडबडायचो की प्रेम म्हणजे दुसरं काही नाही, ज्या ठिकाणी आपण हसतो त्या ठिकाणी ती हसली पाहिजे. आणि ती खडूस असती तर गोष्ट वेगळी. ती इतकी हसते की मेसमध्ये लोक वळून बघतात. फोनवर हास्यजत्रा लावून जेवते आणि दर दोन मिनिटांनी घास खाली ठेवते. मग इथेच काय झालं? खंबाटकीचा बोगदा लागायच्या आधी मी विचारलं, जरा चिडूनच, "एवढं काय वाईट होतं त्यात?"

बोगदा संपेपर्यंत काही बोलली नाही. मग म्हणाली, "आमच्या दारात पुरुषाच्या चपला असायच्या."

आता हे पुढचं तुझ्या माझ्यात. तिला विचारून लिहितोय. ती म्हणाली, मन्याला सांग, बाकी कुणाला नको.

तिचे वडील ती चार वर्षांची असताना निघून गेले. वारले नाहीत, गेले. आई बालवाडीत शिकवायची, पगार किती असणार. सोलापुरात त्या दोघींनी अकरा वर्षांत सहा घरं बदलली. एकट्या बाईला खोली द्यायची म्हटली की मालकाचा पहिला प्रश्न: मिस्टर काय करतात? पहिल्या दोन ठिकाणी तिच्या आईने खरं सांगितलं. एकाने नाही म्हटलं. दुसऱ्याने हो म्हटलं, आणि ते हो जास्त वाईट निघालं, रात्री भाडं मागायला यायचा. तिसऱ्या घरापासून तिच्या आईने, म्हणजे काकूंनी, नवरा तयार केला. तो बोटीवर असायचा. सोलापुरात बोट! शर्वरीला शाळेत पोरं विचारायची, बोट कुठे लागते, कंबर तलावात का? त्या नवऱ्याच्या चपला काकूंनी मंगळवार बाजारातून आणल्या, नऊ नंबरच्या, काळ्या. आणल्या त्या दिवशी अंगणातल्या मातीत घासल्या, नव्या दिसू नयेत म्हणून. आणि मन्या, रोज सकाळी बालवाडीत जायच्या आधी त्या चपलांची जागा बदलायच्या. एक दिवस दोन्ही भिंतीला लावून, एक दिवस एक उलटी पडलेली, पावसाळ्यात जरा चिखल. नवरा बोटीवरून येऊन गेला असं वाटावं म्हणून. काकू विसरल्या की ते काम शर्वरीचं. सात वर्षांची पोर शाळेत निघताना, नसलेल्या बापाच्या चपला हलवून जायची. आणि बाबा कधी आले, काय आणलं, पुन्हा कधी येणार, हे सगळं पाठ करून ठेवायचं, कारण मालकीणबाई तिलाच गाठून विचारायच्या. एकदा चुकून "ट्रेनने गेले" म्हणाली तर काकूंनी मारलं होतं. आयुष्यात एकदाच मारलं, ते त्यासाठी.

"तुम्ही सगळे हसत होता," ती म्हणाली, "आणि मला एवढंच दिसत होतं की आता ह्यांचं उघडं पडणार. माझ्या पोटात गोळा आला होता."

पुढे काय बोलावं मला सुचेना. खेड-शिवापूरच्या टोलला सुट्टे पैसे शोधल्यासारखं केलं, फास्टॅग असताना.

घरी येऊन तो सिनेमा मी पुन्हा आठवायला लागलो. आपण तो दोनशे वेळा बघितला असेल, पण कधी हा विचार केला का की त्यात चौघांना हवंय काय? डोक्यावर छप्पर. पुण्यात, परवडणारं. बस. प्रेमं बिमं पुढे होतात. ज्या हिंदी सिनेमावरून तो घेतला, हृषीकेश मुखर्जींचा 1966 चा, त्याचं नावच 'बीवी और मकान'. बायको आणि घर. एकाशिवाय दुसरं मिळत नाही ही सगळी गोष्ट. तिथे पुरुषांनी बायका उभ्या केल्या आणि महाराष्ट्र 35 वर्षांहून जास्त हसतोय. काकूंनी नवरा उभा केला, आणि ते कुणाला सांगायचीही चोरी.

आणि हे अजून संपलेलं नाही रे. ती आता राहते ती जागा मालक विकतोय, म्हणून ती आणि तिची मैत्रीण वारजे, कर्वेनगर बघताहेत. मी सोबत जातो. दलालाचं पहिलं वाक्य: "फॅमिली की बॅचलर?" दोन मुली म्हणजे बॅचलर. बॅचलर म्हटलं की डिपॉझिट वाढतं, नाहीतर सोसायटीचा नियम आठवतो. कायद्यात भाडेकरूचं लग्न झालेलं असावं असं कुठेही म्हटलेलं नाही हे तूच मला सांगितलं होतंस, पण 11 महिन्यांचा करार कुणाशी करायचा ते मालकच ठरवतो हेही तूच सांगितलंस. एका ठिकाणी मालकीणबाई कुरकुरायला लागल्या, तेव्हा मी पुढे होऊन मोठ्या आत्मविश्वासाने म्हणालो, "मी यांचा होणारा मिस्टर." बाईंचा चेहरा उजळला. चावी दाखवली, पाणी दिलं. खाली उतरल्यावर शर्वरी माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तेव्हा मला वाटलं, चांगलं करायला गेलो तर हिचं काय हे. ती एवढंच म्हणाली होती, "माझ्यासाठी नवरा दाखवू नकोस." आता कळतंय की मी त्या चपलांसारखा दारात जाऊन उभा राहिलो होतो.

त्याहून एक गोष्ट आहे ती मला झोपू देत नाही. दिवाळीत मी सोलापूरला गेलो होतो. काकूंनी आता स्वतःचा फ्लॅट घेतलाय, 2019 मध्ये, एक खोली आणि स्वयंपाकघर, पण स्वतःचा. दारात काळ्या चपला होत्या. सकाळी दूध आणायला खाली जायचं म्हणून मी त्याच पायात सरकवल्या. बरोब्बर बसल्या. वर येऊन काकूंना म्हणालो, "जावयाची सोय आधीपासूनच करून ठेवलीत की." आणि काकू हसल्या. दाराला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मला वाटलं, माझा विनोद काय भारी झाला. शर्वरी आत चहा गाळत होती, ती बाहेर आली नाही.

मी तिला आता विचारलं, स्वतःचं घर झालं तरी चपला का? म्हणाली, आईला विचारलं होतं, आई म्हणते, "राहू दे गं, सवयीचा माणूस आहे."

तुलाच का लिहितोय ते आता सांगतो. सेकंड इयरचं गॅदरिंग. मी तुझ्या अण्णांची नक्कल केली होती. ते 'क'वर अडकायचे ती. अख्खा हॉल हसला, प्राचार्यसुद्धा, आणि तू तिसऱ्या रांगेतून उठून गेलास. आठ महिने आपण बोललो नाही. मी सगळ्यांना सांगत फिरायचो की मन्याला विनोद कळत नाही, अण्णा स्वतः हसले असते. मग प्रीतिसंगमावर भेळ खाताना तू म्हणालास, "सगळे हसले त्याचं काही नाही. तू माझ्याकडे बघत होतास, मी हसतो का ते." मी माफी मागितली होती, तू भेळेचे पैसे मला द्यायला लावलेस आणि विषय मिटला. पण आज मला कळलं की मी तेव्हा माफी मागितली ती भांडण मिटावं म्हणून. तू तिसऱ्या रांगेत बसून काय ऐकत होतास ते मला बोगद्याच्या पलीकडे कळलं. अण्णा आता नाहीत. तू अजून तो विषय काढत नाहीस. म्हणून मीच काढतोय. मन्या, मी चुकलो होतो.

आणि तरी, अरे, बाबांचं काय करू? त्यांचाही काही गुन्हा नाही. त्यांनी प्रेमानेच दाखवलं. 16 डिसेंबर 2004 ला लक्ष्या गेला तेव्हा बाबा त्या रात्री जेवले नव्हते, मी सहा वर्षांचा होतो, मला ते आठवतं. 2025 मध्ये अशोकमामांना पद्मश्री जाहीर झाली तर डेपोत पेढे वाटून आले, रिटायर झालेला माणूस. ते काही 'आय लव्ह यू' म्हणणाऱ्यातले नाहीत. पोराला जवळ घेणं त्यांना जमलं नाही, शेजारी बसवून सिनेमा दाखवणं जमलं. त्यांच्याकडची सगळ्यात चांगली वस्तू त्यांनी तिच्यापुढे ठेवली, आणि ती भांडी घासायला गेली. आता त्यांना वाटतंय, आपलं काहीतरी जुनाट, बुरसटलेलं, शिकलेल्या पोरीला न आवडणारं आहे. म्हणून चॅनल बदललं. त्यांना लाज वाटली, मन्या. माझ्या बाबांना त्यांच्या हसण्याची लाज वाटली, हे मला सहन होत नाही.

सांगू कसं? गोष्ट तिची आहे, तिच्या आईची त्याहून जास्त. आत्याच्या कानावर गेली तर साताऱ्यात दुसऱ्या दिवशी. नाही सांगितलं तर बाबा तिला शिष्ट समजणार, जन्मभर. मी एक थाप तयार केली होती की तिचं डोकं दुखत होतं. शर्वरीला ती ऐकवली तर माझ्याकडे बघतच राहिली. पुन्हा थापच, नाही का?

तुझं विचारायचंच राहिलं. ऑफिसला पक्षकार येतात का, का अजून सिनियरच्याच फाइली उचलतोस? वहिनींची बदली झाली का रद्द? पोरगी पालथी पडायला लागली असं स्टेटसवर बघितलं, डोळे थेट अण्णांचे आहेत. बुलेट विकू नकोस.

काल शेवटी शर्वरीनेच मिटवलं, किंवा वाढवलं, काय ते तू सांग. म्हणाली, "मी सांगते तुझ्या बाबांना. तू मध्ये बोलायचं नाही." आणि तिने तिच्या आईला फोन लावला, कारण त्यांना विचारल्याशिवाय कसं सांगायचं. मी समोरच बसलो होतो. पलीकडून काकू म्हणाल्या, "सांग की. आता घर माझ्या नावावर आहे, कोण काढतंय?" आणि मग म्हणाल्या, मीही येते.

तर येत्या रविवारी दोघी कराडला येणार आहेत. तू ये. साताऱ्याहून तासाभराचा रस्ता, नाही म्हणू नकोस. अकरापर्यंत ये, बाबांच्या शेजारी बस, ते तुझ्याशी बोलतात तसं माझ्याशी बोलत नाहीत. वहिनींना आणि पोरीला आण. आईला मी अजून काही सांगितलेलं नाही, फक्त आठ माणसांचा स्वयंपाक सांगितलाय. आत्याला कळवलेलं नाही.

काकूंना मी म्हटलं, काळजी करू नका, टीव्ही बंदच ठेवू. तर म्हणाल्या, "का म्हणून? मला बघायचाय. मी थिएटरात बघितला होता तो, कॉलेजात असताना, दोनदा."

तुझा,
बाळ्या

ता. क. - येताना अण्णांचा तो फोटो आण, घाटावरचा. आपण दोघं त्यांच्या दोन बाजूंना आहोत तो. माझ्याकडची प्रत पुरात गेली.